वरचं आकाश कुठे गेलं?

आमच्या तारांगणात दुपारच्या शोला मंगळाचा भाग संपला, दिवे लागले, आणि पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "वर काळं का होतं? तिथलं आकाश कुठे गेलं?" मंगळाच्या दृश्याची ती फाइल त्या दिवशी पहिल्यांदाच घुमटावर चढली होती आणि त्याच काळ्या भागावरून सकाळपासून आमच्यात वाद सुरू होता.

तयार मिळणाऱ्या शोमध्ये मंगळ रंगीत आणि अखंड असतो. त्यातलं यानाने किती टिपलं आणि संगणकावर किती रंगवलं, हे बघणाऱ्याला कळत नाही. विषय यंत्रमानवी मोहिमांचा असताना तरी हे चालू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या नॅव्हकॅमचे, म्हणजे वाट शोधायच्या कॅमेऱ्याचे, कृष्णधवल फोटो घेतले.

नॅव्हकॅमच का, तर हिशेबामुळे. घुमटभर पसरणारी आमची मूळ फ्रेम 4096 × 4096 पिक्सेलची, तीत 180 अंश मावतात. म्हणजे अंशाला पावणेतेवीस पिक्सेल. नॅव्हकॅम 45 अंश 1024 पिक्सेलमध्ये टिपतो. भागून बघा, आकडा तोच येतो! काठापासून माथ्याकडे जाताना फोटोतला पिक्सेल घुमटावर जवळजवळ जसाच्या तसा बसतो. त्याच रोव्हरच्या मास्टकॅम या रंगीत कॅमेऱ्याच्या 34 मिमी भिंगाचा फोटो 15 अंशांत 1200 पिक्सेल देतो. घुमटावर त्यातले साडेतीनशेसुद्धा उरत नाहीत. काठालगत मात्र चित्र आडवं दीडपटीहून जास्त ताणलं जातं, तिथले दगड मऊ दिसतात. त्याला इलाज नाही.

खरी अडचण जमिनीची. घुमट क्षितिजाच्या वरचंच दाखवतो आणि रोव्हर बघतो मुख्यतः खाली. म्हणून अख्खं दृश्य पुढून 25 अंश वर उचललं. कॅमेरा जमिनीपासून साधारण दोन मीटरवर असल्यामुळे पुढच्या काठाशी चारेक मीटरवरची माती आली. पण मागचं क्षितिज तेवढंच काठाखाली गेलं. फोटोंची पट्टी क्षितिजाच्या वर फार जात नाही, त्यामुळे अर्ध्याहून जास्त घुमट रिकामा राहिला.

"तिकीट काढून आलेल्यांना काळोख दाखवायचा?" हा वरिष्ठांचा प्रश्न. त्यांना सपाट राखाडी आकाश भरून हवं होतं. ते भरून पाहिलं. घुमटावर मिळून चित्र टाकणाऱ्या सहाही प्रोजेक्टरांचे सांधे लगेच उघडे पडले, कारण ताऱ्यांच्या गर्दीत झाकला जाणारा उजेडाचा फरक एकसारख्या रंगावर लपत नाही. शिवाय उजळ आकाशाचा प्रकाश समोरच्या भिंतीवर परततो आणि जमिनीच्या सावल्या धुऊन टाकतो. घुमटाला राखाडी रंग देतात तो यासाठीच, पण तोही एका मर्यादेपर्यंतच पुरतो.

काळं ठेवलं तेव्हा सावल्या परत आल्या, पण दुसरं दुखणं दिसलं. प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतो. दोन झोत जिथे एकमेकांवर चढतात तिथे राखाडी पट्टा उमटतो. शेवटी जिथे झोत एकमेकांवर चढत नाहीत त्या भागाचा काळा किंचित उजळवून तो पट्ट्याशी जुळवला. सकाळ त्यातच गेली.

मुलीला मी सांगितलं, "या फोटोंच्या वेळी कॅमेरा वर वळवलाच नव्हता. रस्ता शोधायला जमीन लागते." ती लगेच म्हणाली, "मग नंतर वळवला का?"

वळवला होता! ढगांचा वेग पाहायला नॅव्हकॅमने जवळजवळ माथ्याकडे रोखून फोटोंच्या मालिका घेतल्या आहेत. आपलं आकाश तिथे आहे, हे मला तिने विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. पण ते वेगळ्या दिवसाचं, वेगळ्या जागेचं. शिवाय ढग इतके पुसट की मालिकेची सरासरी प्रत्येक फोटोतून वजा केल्याशिवाय दिसत नाहीत. वजा न करता लावलं तर नुसता राखाडी तुकडा, वजा करून लावलं तर डोळ्याला तिथे कधीच न दिसणारं चित्र. रंगवलेल्या आकाशापेक्षा ते कितपत वेगळं, हे माझं अजून ठरत नाही.

तोवर काळीच फाइल चालू आहे. निवेदनात एक वाक्य वाढवलं आहे: काळ्या भागाचे फोटो या संचात नाहीत.