खाडीवरची एकच चकमक आणि लढाईच्या पाच पद्धती

आमच्या गटाची नवी मोहीम, म्हणजे अनेक बैठकींत खेळली जाणारी एक सलग कथा, १७३७ च्या साष्टीवरील मराठ्यांच्या स्वारीच्या पार्श्वभूमीवर घडणार आहे. तिच्यासाठी लढाईचे कोणते नियम स्वीकारावेत हे ठरवण्याकरिता आम्ही सध्या एकच चकमक वेगवेगळ्या रोल-प्लेइंग गेमच्या (ज्यांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका करतो अशा टेबलावरच्या खेळांच्या) नियमांनी खेळून पाहत आहोत. चकमक काल्पनिक असली तरी जागा ठाणेकरांच्या ओळखीची आहे. घोडबंदरच्या किल्ल्याखाली, वसईच्या खाडीच्या काठावर पोर्तुगीजांची एक लहानशी चौकी आहे, तिच्यासमोर अरुंद धक्का आहे आणि धक्क्याला एक होडी बांधलेली आहे. चौकीवर सहा पहारेकरी असून त्यांपैकी दोघांकडे तोड्याच्या, म्हणजे धुमसत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुका आहेत. खेळाडूंच्या बाजूला एक पट्टेकरी, एक भालाईत, एक ढाल-तलवारवाला आणि एक तिरंदाज आहे. उजाडण्यापूर्वी त्यांना ती होडी ताब्यात घ्यायची आहे.

खेळ नौपाड्यातील एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये होतो आणि निम्मे खेळाडू ऐरोली व वाशीहून ट्रान्स हार्बरने येत असल्यामुळे एका संध्याकाळीच चकमक संपवावी लागते. त्यामुळे वेग हा आमचा पहिला निकष होता. प्रत्यक्षात मात्र तुलना एका वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरू लागली: वार चुकला की टेबलावर काय घडते? आता मला वाटते की लढाईच्या पद्धतीचा स्वभाव बसलेल्या वारापेक्षा हुकलेल्या वारातून अधिक स्पष्ट दिसतो.

सुरुवात अर्थातच डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीने केली. १९७१ च्या चेनमेल या युद्धखेळातून १९७४ मध्ये जन्मलेल्या या खेळात चिलखत घाव सोसत नाही, तर घाव लागण्याची शक्यताच कमी करते, आणि हा विचार पाचव्या आवृत्तीतही कायम आहे. २०१४ च्या नियमांतील साध्या पहारेकऱ्याचा आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) १६ आणि हिट पॉइंट (किती इजा सोसता येते त्याचा आकडा) ११ आहेत. पहिल्या पातळीवरचा आमचा पट्टेकरी वीस बाजूंच्या फाशात ५ मिळवतो, म्हणजे त्याला ११ किंवा अधिक पडावे लागतात आणि त्याचे निम्मे वार हुकतात. लागलेला वार सरासरी साडेसात हिट पॉइंट घेतो, त्यामुळे एक पहारेकरी पाडायला साधारणपणे दोन यशस्वी वार, म्हणजे एकूण चार वार लागतात. सहा पहारेकऱ्यांचा हिशेब केला तर चकमकीतील सुमारे डझनभर फाशांनी टेबलावर काहीही बदलत नाही. ज्या खेळाडूचा फासा कमी पडतो, त्याला उरलेल्या सर्वांचे टर्न संपेपर्यंत हात बांधून बसावे लागते. तिरंदाजाची भूमिका करणाऱ्या खेळाडूने सलग वार चुकल्यावर नकाशाकडे पाहणेच सोडून दिले, आणि त्यात तिचा दोष होता असे मला मुळीच वाटत नाही.

बंदुकीची अडचण याहून मोठी निघाली. पाचव्या आवृत्तीत एक राउंड, म्हणजे सर्वांच्या टर्नची एक फेरी, सहा सेकंदांचा असतो आणि मस्केट या बंदुकीच्या ‘लोडिंग’ या गुणधर्माचा अर्थ एवढाच की एका कृतीत एकच गोळी झाडता येते. परिणामी तोड्याची बंदूक दर सहा सेकंदांनी धडाडते. अठराव्या शतकातील लढाईत पहिल्या गोळीनंतर जी जीवघेणी उसंत मिळत असे, ती येथे उरतच नाही.

पाथफाइंडरच्या २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने पहिल्या अडचणीवर चांगला तोडगा काढला आहे. प्रत्येकाला टर्नमध्ये तीन कृती मिळतात, आणि दुसऱ्या वारावर ५ ची व तिसऱ्यावर १० ची वजावट असल्याने तिसरा वार करण्यात सहसा शहाणपण नसते. मग खेळाडू आपोआप इतर गोष्टी शोधतात: ढाल उचलून आर्मर क्लास २ ने वाढवणे, शत्रूला दरडावणे किंवा जागा बदलणे. मागे हटणाऱ्यावर फुकटचा वार करण्याची क्षमता येथे मोजक्याच जणांकडे असते, त्यामुळे धक्क्यावरच्या सोंगट्या प्रथमच सतत हलताना दिसल्या. हुकलेला वार एक तृतीयांश टर्न खातो आणि उरलेला टर्न हाताशी राहतो. नकाशावर खेळणाऱ्या गटांना मी ही पद्धत निःसंकोचपणे सुचवीन.

आमच्या मोहिमेसाठी मला सर्वांत जास्त शिकवले ते १९८६ पासून चालत आलेल्या गर्प्सने. येथे सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज आपल्या कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते, आणि वार साधल्यावरही समोरच्याला चुकवण्याची, वार अडवण्याची किंवा ढाल पुढे करण्याची संधी मिळते. कौशल्य १२ असेल तर वार सुमारे ७४ टक्के वेळा साधतो, बचाव ९ असेल तर तो ३७.५ टक्के वेळा यशस्वी होतो, आणि दोन्ही मिळून सुमारे ४६ टक्के वार अंगावर बसतात. आकडा पाचव्या आवृत्तीपेक्षा कमीच आहे, तरीही टेबलावर कोणीही कंटाळले नाही. याचे कारण बचावाच्या नियमात आहे. एक पाऊल मागे सरकणाऱ्याला बचावात सवलत मिळते, त्यामुळे पहारेकरी वार चुकवत चुकवत मागे सरकत गेला आणि अखेरीस त्याच्या मागे फक्त पाणी उरले. एकही घाव न लागता लढतीचे पारडे फिरले होते.

शिवाय येथे प्रत्येक टर्न एका सेकंदाचा असतो आणि बंदूक पुन्हा ठासायला लागणारा वेळही सेकंदांतच मोजला जातो, म्हणून एकदा झाडलेली तोड्याची बंदूक त्या चकमकीपुरती जवळजवळ लाकडी दांडकेच ठरते. हे कळताच खेळाडूंचे सगळे डावपेच बदलले. अंधारात धुमसणाऱ्या तोड्याच्या ठिणगीवरून बंदुकवाले कोठे उभे आहेत हे तिरंदाजाने हेरले, भालाईताने दूरवर मशाल हलवून दोन्ही गोळ्या वाया घालवायला लावल्या, आणि मगच पट्टेकरी धावला. असे वागा, असे नियमपुस्तकात कोठेही सांगितलेले नाही, पण वेळेचा हिशेब खरा असला की अशी बुद्धी सुचते. या पद्धतीची किंमतही मोठी आहे, कारण एक मिनिटाची हालचाल म्हणजे साठ टर्न होतात आणि कोठे गाळायचे व कोठे मोजायचे हा निर्णय जीएमला (गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला; आमच्या टेबलावर मला) सतत घ्यावा लागतो.

२०१२ च्या डंजन वर्ल्डमध्ये इनिशिएटिव्ह, म्हणजे टर्नचा ठरलेला क्रम, नाही आणि जीएम फासे टाकत नाही. खेळाडू सहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेत आपल्या पात्राच्या गुणाचा (उदाहरणार्थ ताकदीचा) आकडा मिळवतो: १० किंवा अधिक आल्यास वार बसतो आणि आपण वाचतो, ७ ते ९ आल्यास दोघांनाही लागते, ६ किंवा कमी आल्यास जीएम परिस्थिती बिघडवतो. गुण २ असेल तर ही शक्यता अनुक्रमे सुमारे ४२, ४२ आणि १७ टक्के होते. रिकामा फासा असा येथे नसतोच. मात्र दर वेळी नवी आणि न्याय्य आपत्ती सुचवण्याचा भार एकट्या जीएमवर येतो, आणि रात्र चढत गेली तशा माझ्या आपत्ती एकमेकींसारख्या होऊ लागल्या.

इंटू द ऑडमध्ये वार लागला की नाही हे ठरवणारा फासाच नाही. प्रत्येक वार लागतो, सरळ इजेचा फासा टाकायचा आणि चिलखताचा आकडा वजा करायचा. हिट पॉइंट संपले की पुढची इजा थेट पात्राच्या शक्तीच्या आकड्यावर पडते आणि मनुष्य कोसळू शकतो. हे समजल्यावर आमच्या चौघांनी लढण्याचाच बेत रद्द केला. त्यांनी पूर्ण भरती येईपर्यंत वाट पाहिली, दोर कापला आणि होडी पाण्यातूनच ओढून नेली. ओहोटी असती तर चिखलात पाय रुतून सगळेच अडकले असते, हेही त्यांनी आधीच ताडले होते.

सध्या माझा कल गर्प्सकडे आहे, परंतु एका अटीवर: सेकंदांची मोजणी पहिल्या गोळीपासून सुरू व्हावी आणि तोवरचा सगळा वावर साध्या वर्णनाने चालावा. पुढच्या बैठकीत हीच चकमक सॅव्हेज वर्ल्ड्सने खेळायची आहे, कारण त्यात टर्नचा क्रम दर राउंडला पत्त्यांवरून नव्याने ठरतो. तोड्याची बंदूक आणि पट्टा यांच्यातील शर्यत त्यामुळे कशी बदलते, हे मला पाहायचे आहे. त्यानंतर १९७८ च्या रूनक्वेस्टची पाळी येईल. त्यात चिलखत इजा शोषून घेते आणि घाव कोणत्या अवयवावर बसला हे वेगळ्या फाशाने ठरते, म्हणून पहारेकऱ्यांचे शिरस्त्राण, छाती आणि पाय यांचे आकडे मी आतापासूनच लिहून ठेवत आहे.