छपरापासून हिशेबापर्यंत : आमची वाटचाल

फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांची छपरे उतरवून परत बसवणे, एवढेच आमचे सुरुवातीचे काम. वडील गवंडी. त्यांच्याबरोबर काम केलेले सुतार माझ्याकडे आले आणि २००९ साली आम्ही फर्म नोंदवली. आज फोंडा, म्हापसा, पर्वरी, मडगाव इथली भाड्याने दिलेली घरे आणि फ्लॅट दुरुस्तीला आमच्याकडे असतात. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "एवढे पैसे घातले तर ते सुटणार कसे?" त्याचे नीट उत्तर देता यायला लागले, तेव्हापासून आमचा धंदा खऱ्या अर्थाने वाढला.

म्हार्दोळजवळच्या एका कौलारू घराचे सांगतो. दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ गंजून गेली होती आणि पाणी थेट चिऱ्याच्या भिंतीत उतरत होते. त्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, त्यामुळे ओल आत कोंडलेली. वाशांना वाळवी. आम्ही कौले उतरवली, वासे-रिपा बदलल्या, पन्हळ नवी घातली, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. भाडे वाढले का? नाही. पण त्या घरातून दर जुलैत भाडेकरू निघून जायचा, आताचा मात्र टिकला आहे. घर तीन महिने रिकामे पडले की वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा गेला, हे मालक विसरतात. भाडे वाढते ते न्हाणीघर, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची मोठी टाकी, इन्व्हर्टर आणि गाडी लावायला जागा यांनी. इटालियन मार्बल घातल्याने भाडे वाढलेले मी तरी पाहिलेले नाही.

प्राप्तिकराचा भाग बहुतेकांना उलटा वाटतो. महिना २५ हजारांनी घर दिले तर वर्षाचे ३ लाख. मालकाने त्या वर्षी स्वतः भरलेली घरपट्टी, समजा ६ हजार, वजा केली की उरले २ लाख ९४ हजार. त्यातून ३० टक्के, म्हणजे ८८ हजार २०० रुपये सरसकट वजा होतात. डागडुजीवर एक पैसाही खर्च केला नाही तरी. आणि दीड लाखाचा रंग काढला तरी वजावट तेवढीच. रंगाने कर वाचत नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर त्याचे व्याज मात्र भाड्यातून वजा करता येते. कर्ज नसेल तर करपात्र राहिले २ लाख ५ हजार ८००. आपल्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेखाली ज्या नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यांचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते, म्हणजे इथे प्रत्येकी १ लाख २ हजार ९००. बाहेरून येणाऱ्या सल्लागारांना ही गोष्ट बऱ्याचदा माहीत नसते.

घरपट्टीचे थोडक्यात : लादी, रंग, नळ बदलल्याने ती वाढत नाही. खोली वाढवली, व्हरांडा बंद करून आत घेतला की बांधकामाचे क्षेत्र वाढते आणि आकारणी नव्याने होते. त्यासाठी परवाना आधी लागतो. परवान्याशिवायचे काम आम्ही घेत नाही; विकताना तीच खोली मालकाच्या गळ्यात येते.

आमच्या कामाची पद्धत बदलली ती एका गिऱ्हाइकाच्या सीएमुळे. घर विकल्यावर त्यांनी आमच्याकडे जुन्या कामाची फोड मागितली. छप्पर मुळापासून नवे करणे, खोली चढवणे ही सुधारणा, तिचा खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो, म्हणजे विक्रीचा करपात्र नफा तेवढा कमी होतो. रंग आणि किरकोळ डागडुजी त्यात धरता येत नाही. तेव्हापासून आम्ही दोन्हींची बिले वेगळी करतो. "रंगाचं वेगळं कशाला, एकच करा की, नाहीतर बिलच नको," असे लोक म्हणतात, तेव्हा मी कागदावर आकडे मांडतो. आठ लाखांचे सुधारणेचे काम, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ९ लाख ४४ हजार. घर विकताना दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून जो १२.५ टक्के कर आहे, त्या दराने यावर १ लाख १८ हजारांचा कर वाचतो. जीएसटी गेला १ लाख ४४ हजार. म्हणजे नुसत्या कराच्या हिशेबाने बिल २६ हजारांना पडते, हे मी लपवत नाही. त्या २६ हजारांत गळतीची लेखी हमी मिळते आणि उद्याच्या खरेदीदाराला दाखवायला पक्का कागद राहतो. बिनबिलाच्या कामाला आम्ही नाही म्हणतो, काम गेले तरी चालेल. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला, करासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे. दोन्ही मांडून बघायला सीएकडे पाठवतो.

पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडून विचारणा वाढली. पुणे-मुंबईचे लोक पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायला घर सजवून मागतात. पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते आणि सेवा देऊन चालवलेल्या घराचे उत्पन्न धंद्याचे धरले जाऊ शकते, तिथे खर्च प्रत्यक्ष बिलांवर चालतो, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगतो.

छपरांची कामे आम्ही दिवाळीनंतर घेतो आणि मे उजाडला की नवे छप्पर उघडत नाही. नारळ फोडण्याआधी मालकाच्या हातात खर्चाचा तक्ता असतो. त्यात भाडे वाढवणारी, किंमत वाढवणारी आणि नुसती घर राखणारी कामे वेगळी लिहिलेली असतात. शेवटच्या रकान्यातले काम मालक सर्वांत आधी खोडायला बघतो. तिथे मी त्याच्याशी हटकून वाद घालतो.