कपारीतला शेंदरी गोब्रा

अंदमानातली पोर्ट ब्लेअरची (आताच्या श्री विजयपुरमची) फेरी, राधानगरचा सूर्यास्त, रिसॉर्टवरचं तेच ते पनीर: स्वराज द्वीपच्या (म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या) या गोष्टींवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते पाण्याखाली बारा-पंधरा मीटरवरच्या एका कपारीबद्दल आणि तिच्यातल्या गोब्रा माशाबद्दल.

कासव दिसलं की डायव्हिंगला उतरलेला अख्खा गट पाय झाडत त्याच्यामागे सुटतो. पायातल्या फिन्सनी (पोहायच्या पंखांनी) उडवलेली वाळू प्रवाळावर बसते आणि पुढची दोन-चार मिनिटं काही दिसत नाही. या धांदलीत खडकाच्या पोटाशी बसलेल्या गोब्र्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मालवणच्या बाजारात गोब्रा किंवा हेकरू म्हणून येतो तो बहुतेकदा तपकिरी असतो. हा त्याचा प्रवाळातला नटवा भाऊबंद, सेफॅलोफोलिस मिनिएटा. लॅटिनमधलं 'मिनियम' म्हणजे आपला शेंदूर, आणि नाव ठेवणाऱ्याने रंग बरोबर हेरलाय.

फक्त तो शेंदूर या खोलीवर दिसत नाही. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे मासा चिखलकट तपकिरी वाटतो, अंगभर निळे ठिपके तेवढे उठून दिसतात. टॉर्च पाडला की एकदम पेटतो. ठिपके डोक्यावर, अंगावर आणि पाठीच्या, शेपटीच्या परांवरही असतात. लांबी फार तर ४५-५० सेंटीमीटर. शेपटी गोलसर असते. चंद्रकोरीसारखी कापलेली आणि पिवळ्या काठाची दिसली, तर तो दुसरा मासा, व्हॅरिओला. पिल्लं पिवळट नारिंगी असतात, ठिपके मोजके आणि फिके, तिथे भले भले फसतात.

बघायची रीत सोपी आहे, पाळायला अवघड. दीड-दोन मीटरवर थांबायचं, कपारीच्या तोंडासमोर नाही तर बाजूला. समोरून गेलात की त्याची वाट अडते आणि तो मागच्या भोकातून पसार होतो. श्वास हळू सोडायचा, बुडबुड्यांच्या भडिमाराने तो आत सरकतो. कमरेला वजन जास्त बांधलं असेल तर पाय खाली लोंबतात आणि प्रवाळ मोडतं. भाड्याच्या पट्ट्यात सवयीने दोन किलो जादा घालून देतात, हे मला बिलकुल पटत नाही.

शांत राहिलात तर मग त्याचा खरा धंदा दिसतो. वर केशरी अँथियास माशांचा थवा हलत असतो, तेच त्याचं मुख्य खाणं. पाठलाग करत नाही. दबा धरतो, झेपावतो, जबडा एकदम फाकतो. तोंडात पोकळी होते आणि पाण्यासकट मासा आत ओढला जातो. डोळ्याला हे टिपता येत नाही, थवा प्रवाळात दडी मारतो तेवढं कळतं. मधेच तोंड आणि कल्ले उघडून तो निश्चल राहतो. निळ्या पट्ट्याचा, बोटभर लांबीचा 'क्लीनर रास' नावाचा सफाईवाला मासा त्याच्या दातांतून फिरतो, परजीवी वेचतो आणि सुखरूप बाहेर येतो.

घरसंसारही बघण्यासारखा. तांबड्या समुद्राच्या टोकाला असलेल्या अकाबाच्या आखातातल्या अभ्यासात एका नराच्या हद्दीत २ ते १२ माद्या आढळल्या, प्रत्येकीचा आपला स्वतंत्र तुकडा, आणि सगळी हद्द मिळून ४७५ चौरस मीटरपर्यंत. जन्मतः सगळे मादीच. पुढे मोठ्या झाल्यावर त्यांतल्याच काही नर होतात. म्हणून 'मोठाच गोब्रा दाखवा' म्हणणाऱ्या मासेखाऊंची मला धास्ती वाटते: मोठे तेवढे काढले की नर आधी संपतात.

टाकीतल्या हवेचा दाब ५० बारवर आला की निघावंच लागतं, वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून. तोवर कासववाले दमून परत आलेले असतात. खाली टॉर्च मारला तर शेंदरी तोंड त्याच कपारीत, कल्ले संथ हलवत.