पातं नसलेल्या पार्सलला शस्त्राचं लायसन मागितलं : माझा अनुभव

चाकूला टायटॅनियमच्या स्केल्स, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, बसवायचं काम एका संध्याकाळचं आहे. त्या स्केल्स बेळगावात माझ्या हाती पडेपर्यंत मात्र पावसाळा सरत आला. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

चाकू व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, क्लाइंबर मॉडेलचा, घडी घातल्यावर 91 मिलिमीटरचा. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे. वायर सोलायला, पॅकिंगच्या पट्ट्या कापायला, डब्याच्या वेळी आंबा चिरायला तोच. त्याची लाल मूठ सेलिडोर नावाच्या प्लास्टिकची असते. दिसते देखणी, पण अ‍ॅसिटोन लागलं की तिचा वरचा थर विरघळतो. फाउंड्रीच्या फरशीवर चाकू पडला आणि एका बाजूच्या पट्टीला किल्लीच्या रिंगेपासून क्रॉसच्या चिन्हापर्यंत तडा गेला. प्लास्टिकची नवी जोडी स्वस्तात मिळते. मला मात्र आयुष्यभर टिकणारं हवं होतं, म्हणून ग्रेड 5 टायटॅनियम : 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम, वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि घामाने किंवा कुलंटने (मशीन थंड ठेवायला वापरतात त्या द्रवाने) गंजायचा प्रश्नच नाही.

आधी उद्यमबागेतच विचारलं. टूलरूममधले मामा म्हणाले, "करता येईल रे, पण दोन नगांसाठी मशीन अडवून ठेवणं कुणाला परवडणार?" बरोबरच आहे. टायटॅनियममधून उष्णता लवकर बाहेर जात नाही, सगळी कटरच्या धारेवर साठते. स्पीड कमी ठेवून, कुलंटचा मारा करत काम करावं लागतं. म्हणून परदेशातल्या एका छोट्या कारागिराकडून तयार जोडी मागवली. पैसे भरले, पार्सल निघालं, बेंगळुरूला उतरलंसुद्धा.

आणि तिथेच बसलं.

आधी केवायसी मागितली. आधार, पॅन लगेच अपलोड केलं. मग ईमेल आला : पार्सलमध्ये चाकू आहे, शस्त्राचं लायसन किंवा पोलिसांची एनओसी जोडा. पार्सलमध्ये होत्या हाताच्या बोटाएवढ्या दोन चपट्या पट्ट्या. पातं नाही, टोक नाही, धार नाही. पाठवणाऱ्याने इनव्हॉइसवर 'पॉकेट नाइफ हँडल' असं लिहिलं होतं, त्यातला 'नाइफ' तेवढा वाचला गेला. पुढचा शब्द कुणी वाचला नाही, डबाही उघडून पाहिला नाही.

कुरिअरच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, तो "सर, नोट करून घेतलंय" म्हणणार, आणि पुढच्या वेळी ती नोट कुठेच नसणार. बेळगावच्या शाखेत गेलो तर "बेंगळुरूचं काम आहे, आमच्या हातात काही नाही." बेंगळुरूला फोन लावला तर "तुमच्या शाखेतून अर्ज येऊ दे." शाखेत अर्ज घेऊन गेलो तर असा अर्ज घ्यायची पद्धतच नाही. दरम्यान गोदामभाडं चढत होतं आणि त्याचे मेसेज मात्र न चुकता येत होते. कस्टम ड्युटी भरायला मी पहिल्या दिवसापासून तयार होतो. ड्युटी किती, हे सांगायलाच कुणी तयार नव्हतं.

शेवटी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याला पातं कुठाय हो? ह्याची एनओसी आम्ही काय म्हणून द्यायची?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण ते कुरिअरवाल्यांना लेखी कोण देणार? एक जण जो कागद मागतो तो दुसरा देऊच शकत नाही, अशा जागी मी अडकलो होतो.

मग घरी बसून शस्त्र नियम 2016 काढले. पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाल्यांबरोबर चाकूही आहेत, पण पात्याचं माप दिलेलं आहे : 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातूनही वगळली आहेत. 9 इंच म्हणजे जवळपास 23 सेंटिमीटर. माझ्या अख्ख्या चाकूचं मोठं पातं सात सेंटिमीटरच्या आसपास, आणि पार्सलमध्ये तर तेही नाही!

एका पानाचं पत्र केलं. वर पार्सल नंबर, खाली वस्तूचं साधं वर्णन, मग नियमातला तो मजकूर. सोबत कारागिराच्या पानावरचे फोटो, पैसे भरल्याची पावती आणि माझ्या चाकूची मोडकी पट्टी काढून स्टीलच्या फुटपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो, म्हणजे पाहणाऱ्याला ही वस्तू कुठे बसते ते कळावं. हे पत्र हेल्पलाइनला न पाठवता कुरिअरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवलं. तो पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, शोधाच. त्यानंतर पार्सल सुटलं. ड्युटी भरली, गोदामभाडंही माझ्याकडूनच घेतलं, आणि ते मला आजही पटलेलं नाही.

तुम्ही मागवणार असाल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला सांगा : इनव्हॉइसवर 'टायटॅनियमच्या पट्ट्या, पातं नाही' असं इंग्रजीत स्पष्ट लिही. किंमत मात्र खरीच लिहायला लावा.

बसवणं सोपं. प्लास्टिकची पट्टी चाकू कोमट पाण्यात ठेवून मऊ केली आणि जुन्या एटीएम कार्डाची कड घालून उचकटली. ती पितळी रिव्हेटांच्या डोक्यांवर दाबून बसवलेली असते. टायटॅनियम तसं लवचत नाही, म्हणून माझ्या जोडीतले खळगे रिव्हेटपेक्षा किंचित सैल आहेत आणि पकड गोंदाची. आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडली, दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसले, दोन भागांचं इपॉक्सी मधोमध पातळ लावलं. कडेला लावलं तर दाबल्यावर ओघळून स्प्रिंगमध्ये शिरतं. व्हाइसच्या (वस्तू घट्ट धरायच्या शिकंज्याच्या) जबड्यांना कापड गुंडाळून हलका दाब देऊन रात्रभर ठेवलं. 84 किंवा 93 मिलिमीटरच्या चाकूची जोडी 91 ला बसत नाही, मॉडेलचं नाव नीट तपासून घ्या.

निळा रंग हवा असेल तर तो चिकटवण्याआधीच करा. यात रंगद्रव्य नसतं. विजेने ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की 27 व्होल्ट होतात, तिथे छान निळा येतो. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, धन टोक टायटॅनियमला, ऋण टोक स्टीलच्या चमच्याला. चमचा आणि पट्टी एकमेकांना लागू देऊ नका, आणि वायरचा तांब्याचा चिमटा पाण्याबाहेर ठेवा. आधी पट्ट्या भांड्याच्या साबणाने धुवा, मग हातमोजे घाला, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग उमटतो. हा थर फार पातळ असतो, किल्ल्यांच्या खिशात ठेवलात तर कडेचा रंग आधी जातो. माझा क्लाइंबर आता वेगळ्या खिशात असतो.