पोपड्याची पाठ

ब्रॉन्स्टनला पोचलो तेव्हा काका-काकू ड्राय डॉकच्या कठड्याशी आधीच येऊन थांबले होते. दोघं मूळचे सांगलीचे. काका लेस्टरला डॉक्टरकी करून निवृत्त झाले आणि आता त्यांना नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबट अरुंद बोट, घ्यायची होती. इंग्लंडच्या मिडलँड्समधलं हे गाव म्हणजे ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड या दोन कालव्यांचा संगम, त्यामुळे बोटींची खरेदी-विक्री इथे बारमाही चालते. पाणी काढलेल्या डॉकमध्ये त्यांनी बघून ठेवलेली बोट उभी होती: लांबी 57 फूट, रुंदी 6 फूट 10 इंच. मिडलँड्समधल्या बऱ्याच कालव्यांचे लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, जेमतेम सात फुटी, म्हणून बोटी अशा सडपातळ.

"बघ ना, कशी आरशासारखी चमकतेय!" काकू म्हणाल्या. खरंच चमकत होती. गडद हिरवा रंग, लाल पट्ट्या, दारांच्या आतून गुलाब आणि किल्ले रंगवलेले. मालकाने सांगितलं, गेल्या वर्षी पूर्ण रंगवून घेतली आणि बुडाला टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा टणक रंग, मारलंय.

मी रंग तपासायला शिकलो ते माझगावच्या गोदीत. तिथली सवय अजून सुटलेली नाही: रंगाऱ्याला हात घालायचा कंटाळा येतो, तिथूनच मी सुरुवात करतो. छपरावरच्या कठड्याची खालची कड, मशरूम व्हेंटची, म्हणजे छपरावरच्या छत्रीसारख्या हवेच्या झरोक्यांची बुडं, खिडक्यांचे खालचे कोपरे. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो आणि तिथे थर पातळ राहतो. म्हणून कडांना आधी ब्रशने वेगळा हात द्यावा लागतो, गोदीत त्याला स्ट्राइप कोट म्हणतात. इथे तो दिलेला नव्हता. रंगाची जाडी मोजणारा मीटर लावला तर सपाट बाजूवर जुना-नवा मिळून 230 मायक्रॉन, आणि कडेलगत जेमतेम 80.

खिडक्यांच्या चौकटी उतरवल्याच नव्हत्या. टेप चिकटवून भोवतीने रंगवलं होतं, टेपची रेघ स्पष्ट दिसत होती. डावीकडच्या तिसऱ्या खिडकीखाली बोट फिरवलं तर मुगाएवढा फुगा लागला. सुरीच्या टोकाने फोडला. आतून तपकिरी पाणी आलं आणि मागोमाग गंजाचा चुरा.

मग मालकाला विचारून, दार उघडल्यावर झाकल्या जाणाऱ्या पत्र्यावर पात्याने तीन-तीन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा मारल्या. पंचवीस चौकोन झाले. वर टेप दाबून चिकटवली आणि ओढली. निम्म्याहून जास्त चौकोन टेपबरोबर निघाले. खाली जुना निळा रंग शाबूत, चकचकीत.

एक मोठा पोपडा नखावर उलटा धरून भिंग लावलं आणि काकूंना दाखवलं. पाठ काचेसारखी गुळगुळीत होती. जुन्या रंगावर पॉलिशपेपर मारला असता तर त्याचे बारीक ओरखडे या पाठीवर उमटले असते, नव्या रंगाला धरायला तेच लागतात.

"म्हणजे घासलंच नाही?"

"नाही काकू. आधीच्या मालकाचं पॉलिशसुद्धा बहुधा धुतलेलं नाही. दोनेक हिवाळ्यांत हा रंग पापुद्र्यांनी उतरायला लागेल."

बुडाचं काम दोन मिनिटांत संपलं. पांढऱ्या फडक्यावर व्हाइट स्पिरिट, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, घेऊन काळ्या थरावर घासलं. इपॉक्सी चांगलं वाळलेलं असेल तर फडकं जवळपास स्वच्छ राहतं. माझं तपकिरी झालं, गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं. बिट्युमेन होतं, म्हणजे डांबरासारखा काळा लेप. बिट्युमेनमध्ये गैर काही नाही, दर दोन-तीन वर्षांनी नव्याने मारायचं एवढंच. पण त्याच्यावर थेट इपॉक्सी चालत नाही, आधी ब्लास्टिंग करून, म्हणजे जोराने कणांचा मारा करून, उघडा पत्रा करावा लागतो. तो खर्च वेगळा.

पत्रा मात्र उत्तम निघाला. बाजूंना मूळचा 6 मिलिमीटर, अल्ट्रासाउंडने सगळीकडे 5.7 च्या वरच भरला. मी काकांना म्हटलं, "बोट घ्या, पण रंगाला शून्य किंमत धरा."

काकूंनी तो पोपडा मालकाच्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं होतं वाद घालेल. तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "मी पैसे पूर्ण दिले होते हो. काम चालू असताना एकदासुद्धा बघायला आलो नाही." फसवणारा तो नव्हता, तोच फसला होता. किंमत त्याने त्याच दुपारी खाली आणली.

परतताना गाडीपाशी काकूंनी वही काढली. "पुढच्या रंगाऱ्याला काय सांगायचं ते सांग, सगळं लिहून घेते." खिडक्या उतरवूनच काम. गंज पत्र्यापर्यंत साफ. कडांना वेगळा हात. छपराखालीच रंगवायचं, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ दव होऊन बसते त्या तापमानापेक्षा, किमान 3 अंश गरम असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. प्रत्येक हाताआधी मला फोन.

"फोन कशाला," काका म्हणाले, "तू येच. मी डबा घेऊन येतो."