जालन्याची सळई आणि कार्बनची वक्ररेषा

विकास आणि प्रदूषण यांच्या नात्याबद्दल एक दिलासादायक सिद्धांत गेली तीन दशके सांगितला जातो. 1991 मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराच्या निमित्ताने अनेक देशांतील शहरांच्या हवेचा अभ्यास केला. देश गरीब असताना उत्पन्नाबरोबर प्रदूषण वाढते आणि एका टप्प्यानंतर ते उतरू लागते, असे त्यांना सल्फर डायऑक्साइड आणि धुराच्या बाबतीत आढळले. उत्पन्नातील विषमतेविषयी अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी 1955 मध्ये अशीच चढती-उतरती रेषा मांडली होती, म्हणून पुढे या रेषेलाही त्यांचेच नाव चिकटले. आपल्याकडील धोरणचर्चेत तिचा अर्थ सोपा करून घेतला जातो: आधी कारखाने येऊ द्या, स्वच्छतेचे मग पाहू.

ही समजूत तपासण्यासाठी जालन्याइतके चांगले ठिकाण मला मराठवाड्यात दुसरे दिसत नाही. बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळ ना लोहखनिजाची खाण आहे, ना कोळशाची. तरीही बांधकामाच्या सळया बनवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल येथे उभ्या राहिल्या आणि टिकल्या. कच्चा माल म्हणजे देशातले व परदेशातून बंदरावर उतरणारे भंगार आणि त्याच्या जोडीला स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता त्यातून काढलेले सच्छिद्र लोखंड. कुणाच्या तरी देशात मोडीत निघालेले लोखंड जालन्यात वितळून आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये जाते. जागतिकीकरणाचे याहून ठोस उदाहरण शोधावे लागणार नाही.

वर उल्लेखलेल्या अभ्यासानेच व्यापाराच्या परिणामाची तीन अंगे वेगळी केली होती: उत्पादनाचे आकारमान, उद्योगांची घडण आणि तंत्र. जालन्यात तिन्ही एकाच वेळी दिसतात. सळयांचे उत्पादन वाढले म्हणजे उत्सर्जन वाढणार, हे पहिले. शेतीप्रधान जिल्ह्यात पोलाद आले म्हणजे घडणही जड उद्योगाकडे झुकली, हे दुसरे. तिसरे अंग मात्र उलट दिशेला ओढते, कारण भंगार विजेच्या भट्टीत वितळवणे हे खनिजापासून कोळशाच्या झोतभट्टीत पोलाद करण्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असते. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या भट्टीत टनामागे साधारण 600 ते 700 युनिट लागतात आणि आपल्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वितळवण्यापुरता हिशेब अर्ध्या टनाच्या आतच राहतो. स्पंज आयर्न मात्र आपल्याकडे प्रामुख्याने कोळशावर तयार होते, त्यामुळे भट्टीत त्याचा वाटा वाढला की हा आकडा झपाट्याने चढतो.

येथे त्या वक्ररेषेची मर्यादा उघडी पडते. भट्टीचा धूर शेजारच्या वस्तीला खोकायला लावतो, लोक तक्रार करतात, उत्पन्न वाढले की त्यांचा आवाजही वाढतो आणि धूर पकडणारी यंत्रे बसतात. कार्बन डायऑक्साइड कुणाच्याही डोळ्यांत जात नाही. त्यासाठी जालन्यातला कोणीही मोर्चा काढणार नाही, आणि का काढावा? भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे आणि मराठवाड्याचे दरडोई उत्पन्न तर राज्याच्याही सरासरीखाली आहे. म्हणून उत्पन्न वाढल्याने ही रेषा आपोआप वळेल असे मला वाटत नाही. ती वळलीच तर विजेच्या दराने आणि स्रोताने वळेल. (परळीचे औष्णिक वीज केंद्र 2015 मध्ये बंद पडले ते पाणी नव्हते म्हणून. पर्यावरणाच्या काळजीशी त्याचा काही संबंध नव्हता.)

युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन कर, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा आकार, हे बाहेरून आलेले दडपण आहे. ऑक्टोबर 2023 पासून या उत्सर्जनाचा फक्त अहवाल द्यावा लागत होता. 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला. जालन्याची सळई मुख्यतः देशातच खपते, म्हणून तिला त्याची थेट झळ नाही. परंतु या कराच्या यादीत पोलादी बोल्ट, नट आणि स्क्रूही आहेत, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान कारखानदाराचा माल जर्मनीला जात असेल, तर तेथील आयातदार त्याच्याकडे टनामागच्या उत्सर्जनाचा आकडा मागणारच. खरा आकडा नसेल तर युरोपीय संघाने ठरवून दिलेला आकडा लावला जातो, आणि तो सहसा विक्रेत्याला परवडणारा नसतो. ज्यांनी दोन शतके कोळसा जाळला त्यांनी आता आपल्या बोल्टचा हिशेब मागावा, यातला अन्याय मला टोचतो. पण हिशेब ठेवण्यात तोटा आपला नाही, हेही तितकेच खरे आहे.

जालन्यातला खरा पेच वेळेचा आहे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या काळात उद्योगांना विजेच्या दरात सवलत होती, कारण रात्री मागणी कमी आणि कोळशाची केंद्रे मात्र चालूच. साहजिकच भट्ट्यांच्या मालकांचे गणित रात्रपाळीवर बेतलेले राहिले. आता सौरऊर्जा दिवसा मुबलक मिळते, आणि केंद्र सरकारने 2023 मध्ये नियमांत दुरुस्ती करून सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवण्यास सांगितले. कार्बनच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. भट्टीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला मात्र याचा अर्थ असा, की मे महिन्यात बाहेर पारा 42 अंशांवर असताना वितळलेल्या लोखंडासमोरचे काम रात्रीऐवजी भर दुपारी करायचे. पाळी बदलण्याचा हिशेब मांडताना त्याच्या पंख्याचा, पाण्याचा आणि विश्रांतीचा खर्च कोणत्या रकान्यात धरायचा, हे मालकांनी आणि सरकारने पाळी बदलण्यापूर्वीच ठरवायला हवे.