एकाच सुईची दोन कामं

पोटातल्या गर्भाला रक्त देणं हे माझ्या कामातलं मला सर्वांत आवडणारं काम. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या विल्यम लायलींनी ते पहिल्यांदा केलं, तेही क्ष-किरणांच्या अंदाजाने, गर्भाच्या पोटात सुई घालून. आम्हाला सोनोग्राफीवर नाळेची शीर दिसते.

त्या सकाळची केस आरएचची होती, म्हणजे आई आरएच निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह. आईच्या अँटिबॉडी गर्भाच्या तांबड्या पेशी फोडत होत्या आणि मेंदूच्या धमनीतला रक्ताचा वेग नेहमीच्या दीडपटीपुढे गेला होता, म्हणजे गर्भाचं रक्त फार कमी झालं होतं. आईच्या रक्ताशी जुळवलेलं, इरॅडिएट केलेलं (किरणांचा मारा केलेलं) घट्ट ओ निगेटिव्ह रक्त मागवलं. नाळ वारेला चिकटते तिथे ती फारशी हलत नाही, म्हणून टोचायचं तिथेच. गर्भाने हात झटकला तर सुई निसटते, म्हणून आधी त्याला स्नायू सैल करणारं औषध आणि सोबत फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक. मग रक्त आत जाताना शिरेत ठिणग्या पळाव्यात तसं दिसतं. छान झालं सगळं.

दुपारी तीच खोली, तेच मशीन, तसलीच वीस गेजची सुई. हाही गर्भ सकाळच्यासारखाच २३ आठवड्यांचा. कमरेपाशी मणका उघडा, मेंदूत पाणी. जगला असता. किती चालला असता, ते न्यूरोसर्जनलाही सांगता आलं नाही. त्याने अर्धा तास आकडेवारी सुनावली आणि निघून गेला. निर्णयाच्या वेळी आमच्याकडे कुणी थांबत नाही. या आठवड्यांना गर्भपाताआधी गर्भाचं हृदय थांबवतात, म्हणजे तो जिवंत जन्माला येत नाही.

टेबलावर त्या बाईंनी विचारलं, "डॉक्टर, त्याला दुखेल का?"

ब्रिटनच्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा २०२२ चा आढावा सांगतो, २८ आठवड्यांपूर्वी वेदना जाणवण्याची शक्यता फार कमी. तेच मी सांगितलं. आणि तरी सिस्टरला म्हटलं, फेंटॅनिल भरा. सिस्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. दिलं. मग हृदयात पोटॅशियम क्लोराइड.

आमचे वरिष्ठ वैद्यकीय नीतिशास्त्रावर लिहिणाऱ्या मॅकलो आणि चर्वेनाक यांचा दाखला देतात: बाहेर जगू न शकणारा गर्भ पेशंट होतो तो आईने त्याला तसं मानलं तर. सोयीचं आहे. पण सकाळचा गर्भ आईने मानण्याआधीच फिका पडत होता. मला वाटतं, दोन्ही गर्भ होते तेच होते. फरक होता तो त्या दोन बायकांकडून काय मागता येतं याचा. तत्त्वज्ञ ज्यूडिथ थॉमसननी १९७१ मध्ये हेच मांडलं: गर्भाला जगण्याचा हक्क आहे असं धरलं, तरी दुसऱ्याचं शरीर वापरण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. मला ते पटतं. पण ते पटल्यावरही हृदयाला नेम धरणारा हात माझाच असतो, आणि गर्भाचा मृत्यू घडवून आणण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, हे थॉमसनबाईच सांगतात.

रक्त देण्याच्या फॉर्मवर 'गर्भाला दिलेली औषधे' असा रकाना आहे. हृदय थांबवण्याच्या फॉर्मवर नाही. मी फेंटॅनिल समासात लिहिलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं: प्रोटोकॉलमध्ये नसलेलं औषध का दिलं? आईसाठी, म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. रकाना वाढवा, असा अर्ज मी दिलाय. दुखत नाही म्हणता, मग द्यायचं कशाला, हा समितीचा पहिला प्रश्न असणार, आणि त्याचं लिहून देण्याजोगं उत्तर माझ्याकडे अजून नाही.